पडद्यावरच्या टिकल्या

मी दचकणारा माणूस आहे. कुकरची शिट्टी झाली तरी हातातला पेपर उडतो, आणि भिलाईजवळच्या आमच्या बोरसीच्या घरात या गोष्टीची थट्टा लग्नापासून चालू आहे. "तुमाले तर दारावरची घंटीबी धक्का देते," बायको म्हणते, "प्लांटमधी इतके वर्षं टिकले कसे तुमी?" तिला वाटतं मी भट्टीसमोर उभा राहून थरथरत होतो. खरं सांगायचं तर भट्टी, क्रेन, लालभडक लोखंड यांच्या वाट्याला मी फारसा गेलोच नाही. माझी सगळी नोकरी टेबलांपाशी गेली. जे हादरे खाल्ले ते कंप्यूटरसमोर बसलेल्या साध्यासुध्या माणसांनी दिले, आणि त्यातला एक अजून अंगातून उतरलेला नाही.

भिलाई म्हणजे पोलादाच्या प्लांटचं गाव. इथे दोन रिटायर माणसं भेटली की पहिला प्रश्न असतो, "कुठं होते?" कोणी सांगतो कोक ओव्हन, कोणी रेल मिल. सांगताना छाती आपोआप पुढे येते. मी सांगायचो, "लोकांच्या पडद्यावरची चित्रं जागेवर लावायचो." समोरचा माणूस आधी हसायचा आणि मग मी गंमत करत नाही हे कळल्यावर विषय बदलायचा. दिवाळी अंकाच्या संपादकांनी "तुमच्या कामाबद्दल लिहा" म्हटलं तेव्हा त्यांनाही पुरतं ठाऊक नसावं, मी काय काम करत होतो ते.

काम असं. कंप्यूटर चालू केला की पडद्यावर छोटी छोटी चित्रं दिसतात. चित्रावर टिचकी मारली की त्याचा प्रोग्राम उघडतो. हे चित्र म्हणजे प्रोग्राम नव्हे. ती दाराबाहेरची पाटी आहे. पाटी काढली म्हणून घर पडत नाही, आणि पाटी काखेत मारून नेली म्हणून घर आपल्यामागे चालत येत नाही. रोज लागणाऱ्या घरांच्या पाट्या हाताशी आणून ठेवणं, न लागणाऱ्या दूर सारणं, हा माझा धंदा. पाट्या पडद्यावर ठेवता येतात, किंवा पडद्याच्या तळाशी जी लांब पट्टी असते तिच्यावर एका रांगेत. पट्टीवर ठेवण्याचा एक फायदा आहे. कीबोर्डवर खिडकीचं चित्र असलेलं बटण दाबून धरायचं आणि एक दाबायचं, की रांगेतला पहिला प्रोग्राम उघडतो. दोन दाबलं की दुसरा. माउसला हात लावायचं काम नाही. लोकांना हे दाखवलं की ते माझ्याकडे जादूगाराकडे पाहावं तसं पाहायचे, आणि दुसऱ्या दिवशी विसरायचे.

सगळं लावून झालं की मी उठताना प्रत्येकाला एकच वाक्य सांगायचो. "आता हलवू नका." मराठी असेल त्याला मराठीत, बाकी भिलाईला हिंदीत. ऐकायचं कोणी नाही ही गोष्ट वेगळी.

पाटी आणि घर यांतला फरक मला एका नायर साहेबांनी शिकवला, तोही असा की पुन्हा कोणाला शिकायची वेळ येऊ नये. ते प्लॅनिंगमधले अधिकारी होते. जेवणाच्या सुट्टीत डबा बाजूला सारून आपल्या आठवणी टाइप करत बसायचे. केरळातलं गाव, भिलाईतले सुरुवातीचे दिवस, पहिला क्वार्टर, सगळं. रिटायर झाले त्या दिवशी त्यांनी आपल्या फोल्डरचं पडद्यावरचं चित्र पेन ड्राइव्हमध्ये टाकलं, हार गळ्यात घालून घेतला आणि घरी गेले. नियमाप्रमाणे त्यांची मशीन पुसून पुढच्या माणसाला दिली गेली. काही दिवसांनी त्यांचा फोन आला, "भाई, ये खुल नहीं रहा है." मी घरी जाऊन पाहिलं. पेन ड्राइव्हमध्ये नुसती पाटी होती. घर कधीच पाडलं गेलं होतं. मी कसंबसं सांगितलं. त्यांनी पेन ड्राइव्हला टोपण लावून तो खिशात ठेवला. मग म्हणाले, "अच्छा. चाय पियोगे?" तो चहा मी कसा प्यायलो ते माझं मला माहीत. त्यानंतर ज्याची रिटायरमेंट जवळ आली असेल त्याच्या टेबलापाशी मी न बोलावता जायला लागलो.

दुसरे तिवारीजी. त्यांचा पडदा म्हणजे रविवारचा सुपेल्याचा बाजार. चित्रावर चित्र, त्यावर चित्र, आणि या सगळ्यामागे त्यांच्या नातीचा भला मोठा फोटो. मी विचारलं, "तिवारीजी, चिट्ठी टाइप करने वाला कहाँ है?" ते म्हणाले, "गुड़िया के कान पे." स्टोअरचा प्रोग्राम कुठे? "नाक के नीचे." मला हसू आवरेना. पण खरोखर, डोळे मिटल्यासारखे ते कानावर टिचकी मारत आणि पत्र उघडे. मग एकदा त्यांच्या मुलानं हौसेनं नवा फोटो लावून दिला. नात मोठी झालेली, उभी, फ्रॉकमध्ये. त्या दिवशी तिवारीजींची अख्खी सकाळ वाया गेली. चित्रं होती तिथेच होती, फक्त कान तिथे नव्हता. फोनवर रडवेल्या आवाजात म्हणाले, "सब गायब हो गया!" मी धावत गेलो तर काहीच गायब नव्हतं.

तिथे मला माझ्या धंद्यातली मुख्य गोष्ट कळली. माणूस नाव वाचत नाही, चित्रही नीट पाहत नाही. त्याचा हात जागा ओळखतो. बायको मिसळणाच्या डब्यात न पाहता हळद उचलते, तसं. म्हणून मी कधीच अक्षरांच्या क्रमानं पाट्या लावल्या नाहीत. त्या माणसाचा दिवस कसा जातो ते विचारायचो. सकाळी आल्यावर पहिलं काय उघडता? ते पट्टीवर पहिलं. मग काय? ते दुसरं.

आता त्या हादऱ्याकडे येतो.

आमच्याकडे जुने पडदे होते, मागे मोठी ढेरी असलेले, समोर जाड काच. मग पातळ पडदे आले आणि ठेकेदाराची माणसं विभागाविभागात जाऊन बदली करू लागली. लोक नव्या पडद्यासाठी भांडत होते, साहेबांचे फोन येत होते, आणि अशा गडबडीत एक बाई धापा टाकत आमच्या खोलीत शिरली. साधी सुती साडी, खांद्याला पर्स, चेहरा पांढरा पडलेला.

"सर, मेरा पडदा कहाँ ले गए?"

"नया लगाया है ना, अच्छा वाला."

"मेरे को पुराना ही चाहिए. वही वाला."

मी उडालोच. नवा परत करून जुना मागणारं माणूस मी पहिल्यांदा पाहत होतो. तोंडातून मराठी निघून गेलं, "आता हे काय नवीनच!"

"माय व! तुमी मराठी हाय का जी?" ती मटकन खुर्चीत बसली. "मंग तं सांगतेच तुमाले. भाऊ, तो पडदा नाई भेटला तं माही नोकरी गेली समजा."

तिचं नाव वंदनाबाई पटले. माणसं गोंदियाकडची, शेतीवाली. नवरा प्लांटमध्ये होता, काविळीनं गेला, त्याच्या जागी हिला नोकरी मिळाली. आधी कच्च्या मालाच्या यार्डात टाकलं होतं. तिथल्या धुळीनं दम लागायला लागला, रात्र रात्र बसून काढायची वेळ आली. डॉक्टरनं धुळीपासून दूर ठेवा म्हणून लिहून दिलं, तेव्हा टाइम ऑफिसमध्ये घेतलं. कामगारांची हजेरी, सुट्या, गेटपास हे सगळं जिथे होतं ते टाइम ऑफिस. पण घेतलं होतं कच्चं. काम जमलं तर ठेवू, नाही तर परत यार्ड.

मी तिला घेऊन गोदामात गेलो. जुने पडदे एकावर एक रचलेले होते. ती पदर खोचून रांगांमधून फिरू लागली. प्रत्येक काचेत वाकून पाहायची आणि पुढे जायची.

"मैडम क्या ढूँढ रही हैं?" गोदामवाल्यानं मला विचारलं.

"टिकली," तिनंच उत्तर दिलं.

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. गोदामवाला मात्र शांतपणे म्हणाला, "पूजा वाले तो बहुत थे मैडम. कुछ ट्रेनिंग हॉल गए, कुछ स्कूल में, कुछ अस्पताल में." बाहेरच्या वाचकासाठी सांगतो. विश्वकर्मा पूजेला प्लांटमधल्या प्रत्येक मशीनला टिळा लागतो. क्रेनला लागतो, तसा कंप्यूटरलाही लागतो. आणि पूजेचं म्हणून तो कोणी पुसत नाही, वर्षभर काचेवर राहतो. टाइम ऑफिसमधल्या सगळ्यांनी वंदनाबाईच्या टिकल्या पूजेच्याच समजल्या होत्या. शेजारच्या टेबलावरची बाई तर जाता येता त्यांना नमस्कार करायची.

पडदा काही मिळाला नाही. ती एका खोक्यावर बसली आणि मी समोर उभा राहिलो.

"कायच्या टिकल्या, बाई?"

"माह्या. लाल हजेरीची. हिरवी गेटपासची. मरून सुटीची. एक बारकी खाली कोपऱ्यात, मशीन बंद करायची."

"काचेवर कावून लावल्या?"

"मंग काय करू जी? ती चित्रं सारी एकसारखीच. नावं इंग्रजीत. मले हिंदी, मराठी फाडफाड वाचता येते, इंग्रजी नाई येत. जुन्या बाबूनं जाताना एकदा बोट ठेवून दाखवलं, हे इथं, ते तिथं. तो गेल्यावर मी तिथं तिथं टिकली लावून घेतली. टिकलीखाली टिचकी मारली का काम होते. दोन साल झाले, एक चूक नाई माही."

चित्रं सारखी होती हे खरं. प्लांटमध्येच बनवलेल्या प्रोग्रामांना वेगळं चित्र द्यायची तसदी कोणी घेतली नव्हती. सगळ्यांना तीच एक निळी-पांढरी चौकट. पण काचेला टिकल्या लावून कोणी दोन वर्षं टाइम ऑफिस चालवावं! पडदा जरा हलला असता, कोणी चित्रं नीट रांगेत लावली असती, तर ही बाई तिथल्या तिथे आंधळी झाली असती.

"अहो, पण टिकल्याच कावून? कागद चिकटवायचा बारका."

ती हाताकडे पाहत बसली. "घरी पडून होत्या जी. आमच्या मालकायले लई हौस. कँपवस्तीतल्या बाजारात गेले का माह्यासाठी एक पाकीट घेऊनच येत. डबाभर जमल्या होत्या. ते गेल्यावर सासूबाईनं कपाळ पुसलं, पण डबा तसाच राहिला. फेकवत नाई, अन् लावता येत नाई. मंग इथं आणल्या. कामी तं आल्या."

मी कुकरच्या शिट्टीनं दचकणारा माणूस. तिथे मला दचकताही आलं नाही. गोदामवाला पडदे मोजायचं सोडून दुसरीकडे पाहायला लागला.

भानावर आल्यावर म्हटलं, "यात काय हाय, बाई. तुमच्या नव्या पडद्यावर मी नावं हिंदीत करून देतो. पाच मिनिटांचं काम."

"अन् परीक्षेच्या मशीनवर?"

तेव्हा मला कळलं की ती एवढी का घाबरली होती. नोटीस लागली होती. ऑफिसात कच्चे घेतलेले सगळे लोक ट्रेनिंग हॉलमध्ये परीक्षेला बसणार, मशीनवर काम करून दाखवणार. जमलं नाही तो मूळ जागी परत. इतरांची मूळ जागा म्हणजे कँटीन, बाग, शिपाईगिरी. हिची यार्ड.

त्या दिवसापासून जेवणाच्या सुट्टीत मी टाइम ऑफिसला जायला लागलो. एवढ्या दिवसांत इंग्रजी शिकवणं शक्य नव्हतं, तेव्हा आम्ही अक्षरांच्या नादी लागलोच नाही, आकार धरले. हजेरीचं नाव 'अटेंडन्स', म्हणजे आधी 'ए'ची एक शिडी आणि तिच्याशेजारी दोन 'टी', विजेचे दोन खांब. गेटपासच्या शेवटी दोन 'एस', दोन साप. सुटीच्या, म्हणजे 'लीव्ह'च्या सुरुवातीला 'एल', भिंतीचा कोपरा. मी सांगितलं, "एकदाच डोळे फाडून शोधायचं. भेटलं का माउसनं पकडून ओढत खालच्या पट्टीवर नेऊन सोडायचं. तुमचा दिवस जसा जाते तसंच लावायचं. हजेरी पहिली, मंग गेटपास, मंग सुटी, मंग पत्र. एकदा रांग लागली का पडद्याकडे पाहाचंच नाई. खिडकीचं बटण अन् एक. खिडकीचं बटण अन् दोन."

सुरुवातीला चित्रं अर्ध्या वाटेत हातातून सुटत. कधी भलत्याच फोल्डरमध्ये जाऊन पडत, आणि मी "अरे अरे अरे!" करून खुर्चीतून उठायचो. ती हसायची. "तुमी कावून इतके दचकता जी? मशीनच तं हाय." मी घरी हे सांगितलं तर बायको म्हणाली, "शहाणी दिसते बाई."

एकदा माझ्या मनात आलं ते मी बोलून टाकलं. "हॉलमधल्या मशिनी मांडायला आमच्याच ठेक्याची माणसं जातात. सांगू का, तुमच्या मशीनवर रांग आधीच लावून ठेवायले?"

तिनं मान हलवली. "नको जी. मंग रोज कोण मांडून देईन?"

परीक्षेच्या दिवशी एखादी मशीन अडली तर हजर असावं म्हणून मला हॉलमध्ये मागे उभं केलं होतं. परीक्षक साहेब हिंदीवाले, चष्मा कपाळावर चढवलेले. प्रत्येकाला जागा नेमून दिली होती. वंदनाबाईची खिडकीजवळ. ती बसली, आणि मला तिची पाठ ताठ झालेली दिसली. काहीतरी बिघडलं म्हणून मी सहज चालत गेल्यासारखं त्या रांगेतून गेलो.

पडदा जुना होता. ढेरीवाला, जाड काचेचा. आणि काचेवर टिकल्या होत्या. लाल, हिरवी, मरून, खाली कोपऱ्यात बारकी.

सगळ्या गोदामात जो शोधून मिळाला नव्हता तो पडदा ट्रेनिंग हॉलला गेला होता, पूजेचा म्हणून कोणी पुसला नव्हता, आणि आज नेमका तिच्यासमोर येऊन बसला होता. एरवी म्हटलं असतं, देवच पावला. पण मशीन दुसरी होती. टिकल्यांखाली तिची चित्रं नव्हती.

साहेबांनी "शुरू कीजिए" म्हटलं. सगळं शिकवलेलं असूनही तिचा हात सरळ लाल टिकलीकडे गेला. दोन वर्षांची सवय ती. टिचकी मारली आणि हजेरीऐवजी हिशेबाचं यंत्र उघडलं. तिनं ते बंद केलं. हिरवीकडे गेली. कचऱ्याची टोपली उघडली. मी मागून सगळं पाहत होतो आणि मला तोंड उघडायची परवानगी नव्हती. तिनं हात मांडीवर ठेवले. तिचा श्वास वाजायला लागला, तोच यार्डातला श्वास, आणि शेजारचा उमेदवार वळून पाहू लागला. मला वाटलं, संपलं. ही बाई आता उठेल आणि धुळीत परत जाईल.

मग तिनं उजवा हात उचलला. लाल टिकलीखाली नख घातलं आणि ती काढली. ठेवायला जागा नव्हती म्हणून डाव्या हाताच्या पाठीवर चिकटवली. मग हिरवी. मग मरून. ओळीनं. शेवटी कोपऱ्यातली बारकी राहिली. ती निघेना. वंदनाबाई पुढे वाकली, काचेच्या अगदी जवळ, काचेत तिचा चेहरा दिसत होता. नखानं खरवडून तिनं टिकली सोडवली, बोटाच्या टोकावर घेतली, आणि हात वर गेला. दोन भुवयांच्या मध्ये. तिथे बोट दाबून धरलं, क्षणभर, जसं बायका धरतात. मग तोच हात खाली आला आणि माउसवर बसला.

तिला काही कळलं नव्हतं. मी सांगतो ना, काही कळलं नव्हतं. आरशाच्या काचेवर चिकटवून ठेवलेली टिकली काढून कपाळाला लावायची, हे लग्नानंतरच्या प्रत्येक सकाळी केलेलं काम. हाताला जागा पाठ होती.

मी एवढ्या जोरात दचकलो की मागची खुर्ची पडली.

"क्या हुआ?" साहेब म्हणाले.

"कुछ नहीं सर. मच्छर."

सांगावं की सांगू नये? सांगितलं तर तिचा धीर तिथेच सुटेल. न सांगावं तर ती अशीच सगळ्यांसमोर बसून राहणार, बाहेर पडणार, आणि सेक्टरातल्या क्वार्टरात सासूबाई दारातच असणार. मी खुर्ची उचलून सरळ केली आणि गप्प राहिलो. तेवढंच सुचलं.

ती आता पडदा वाचत होती. ओठ हलत होते. शिडी, दोन खांब. सापडलं. पकडलं, ओढलं, पट्टीवर सोडलं. दोन साप. ओढलं, सोडलं. भिंतीचा कोपरा. शेवटी पत्राचं निळं चित्र, ते तर तिला तोंडपाठ होतं. रांग लागली. त्यानंतर तिनं माउस बाजूला सारला आणि खिडकीच्या बटणावर अंगठा ठेवला. एक, हजेरी भरली. दोन, गेटपास काढला. परत एक. मग चार, पत्र. श्वास केव्हा शांत झाला ते मला कळलंही नाही. ती सगळ्यांच्या आधी वगैरे उठली नाही, पण वेळ संपायच्या आत तिच्या पत्राचा कागद प्रिंटरमधून बाहेर आला.

साहेबांनी कागद पाहिला, पडदा पाहिला. मग त्यांची नजर तिच्या हाताच्या पाठीवर गेली. "ये क्या है?"

"पूजा का है, सर."

"अच्छा अच्छा." भिलाईत या उत्तरापुढे कोणी विचारत नाही. त्यांनी सही केली. "ठीक है मैडम. आप टाइम ऑफिस में ही रहिए."

तिनं मान झुकवली, पण हसली नाही. बहुतेक अजून विश्वास बसला नसावा. माणसं उठून जाऊ लागली. मी तिच्या टेबलापाशी गेलो. काहीतरी बोलायचं होतं आणि काय ते मला माहीत नव्हतं. ती नेहमीच्या शिस्तीनं मशीन बंद करत होती. पडद्यावरचा उजेड गेला आणि जाड काच काळी झाली, आरशासारखी. तिनं आत पाहिलं.

"माय व!"

हात झटकन कपाळाकडे गेला. मी मान फिरवली. टिकली उपटताना मला तिच्याकडे पाहायचं नव्हतं. खिडकीबाहेर कामगारांची पाळी सुटत होती, सायकली आणि स्कूटरी गेटकडे निघाल्या होत्या. मागे काहीच हालचाल होईना. शेवटी मी वळलो.

तिचं बोट अजून टिकलीवर होतं. काढत नव्हती. दाबत होती. डोळे भरून आले होते, त्यामुळे काचेत तिला धड दिसत नसावं.

"भाऊ," ती म्हणाली, "मधोमध हाय ना जी?"

मी नीट पाहिलं. एवढी वर्षं दुसऱ्यांच्या पडद्यावर जे काम केलं, त्याच नजरेनं पाहिलं.

"हाय," मी म्हटलं. "आता हलवू नका."